कुटातलं पेव

महाशिवरात्रीच्या आधीच्या बाजारी आमचे आजोबा, आबा, खजूर आणायचे. आणायचे म्हणजे आधी दुकानदाराशी हुज्जत घालायचे. एक खजूर उचलायचा, उन्हाकडे धरायचा, बोटानं दाबायचा आणि परत पाटीत टाकत म्हणायचं, “ह्यो बसऱ्याचा न्हवं.” दुकानदार देवाच्या आणाभाका घ्यायचा. शेवटी अर्धा शेर बांधून घ्यायचे, पण स्वतः एकही तोंडात टाकायचे नाहीत. उपासाला त्यांना वरी आणि रताळी लागायची. खजूर आम्हा पोरांना. जिजी, म्हणजे आमची आजी, म्हणायची, “त्यांनी जल्माचा खाऊन घेतलाय तिकडं.”

बसरा हे गाव आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. वडूज, दहिवडी, रहिमतपूर, बसरा, असं एका दमात. पुढं शाळेत मास्तरांनी नकाशात ते इराणच्या आखाताशी दाखवलं तेव्हा वर्गात माझ्यासारखी आणखी तीन-चार पोरं चकित झालेली होती. त्यांच्याही घरात कुणी ना कुणी बसऱ्याला जाऊन आलेलं, किंवा आलेलं नसलेलं.

आमचा मुलूख माण-खटावचा. पाऊस पडला तर पडला. छप्पनचा दुष्काळ म्हातारी माणसं सांगायची तो शके की संवत, हे त्यांनाही सांगता यायचं नाही, पण आबा त्याच सुमारास रांगत होते म्हणतात. वयात आल्यावर पोटासाठी मुंबईची गिरणी किंवा पलटण, एवढ्या दोनच वाटा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक अजून ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसं कामी आली. आबांनी पलटण धरली. कुठली, यावरून आमच्या घरात शेवटपर्यंत वाद. वडील म्हणायचे एकशेतीन नंबर, जिजी म्हणायची एकशेदहा. कागद होता, तो वाळवीनं खाल्ला. अर्थात पुढं जे घडलं त्यात काही फरक पडत नाही; 103, 110 आणि 117 या मराठ्यांच्या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या आणि तिन्ही एकाच जागी अडकल्या.

1914च्या नोव्हेंबरात ही फौज फाओला उतरली आणि महिना संपायच्या आत बसरा घेतलं. कशासाठी, तर अबादानच्या तेलासाठी, असं आज पुस्तकात वाचतो. आबांना तेलाचं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना आठवायचा तो उन्हाळा, माश्या आणि चिखल. “आपल्याकडं ऊन पडतं, तिथं ऊन चावतं,” म्हणायचे. टवंशेन साब, म्हणजे जनरल टाउनशेंड, नदीच्या कडेकडेनं फौज वर वर नेत गेले. 1915च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडं सलमान पाकला गाठ पडली ती तुर्कांच्या पक्क्या खंदकांशी. तिथं विटांची एक जुनी प्रचंड कमान आहे, मागं राजवाडा नावालाच उरलेला. आबा त्या कमानीचं वर्णन करताना दोन्ही हात वर करायचे आणि मग हात तसेच ठेवून गप्प व्हायचे. साडेचार हजारांहून जास्त माणूस तिथं मेलं किंवा जखमी झालं. जखमींना बिनस्प्रिंगच्या खच्चरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणलं. या हालांची पुढं विलायतेत चौकशी झाली आणि 1917 मध्ये भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. आबांना हे मी वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, “राजीनामा दिला व्हय? बरं.”

तिथून मागं हटत फौज डिसेंबरच्या सुरुवातीला तैग्रिसच्या वळणातल्या कुट अल अमारा या गावात शिरली. 7 डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला तो जवळजवळ पाच महिने उठला नाही.

इथवरचं सगळं इतिहासात मिळतं. आबांची गोष्ट मात्र इथं सुरू व्हायची, आणि तिच्यात बंदुका फार कमी असायच्या.

कुट म्हणजे रिकामा किल्ला नव्हता. नांदतं गाव होतं. अदमासे सहा हजार अरब रयत, बायकापोरं, कोंबड्या, भट्ट्या. टाउनशेंडना त्यांना बाहेर काढायचं होतं, म्हणजे खाणारी तोंडं कमी झाली असती. पण राजकीय अधिकारी पर्सी कॉक्स यांनी अडवलं. ऐन थंडीत बायकापोरं वाळवंटात ढकलली तर मरतील, असं त्यांचं म्हणणं. मग बाहेरगावचे काही शेकडा लोक तेवढे काढले आणि गावकरी राहिले. त्यांचं काही विचारायचं नव्हतं. दोन्ही फौजा परक्या, गोळे मात्र त्यांच्या माळवदांवर.

जानेवारीत धान्याचा हिशेब लागेना म्हणून घराघरांची झडती सुरू झाली. झडतीच्या एका टोळीत आबा होते. आता हे मी आबांच्या तोंडून एकदाच ऐकलंय, बाकी सगळं जिजीकडून. जिजी मीठमसाला लावायची, हे खरं. पण मुद्दा दोघांचा एकच होता. एका घरात गोऱ्या सार्जंटानं सगळं उलथंपालथं केलं, काही मिळालं नाही. टोळी बाहेर पडायला लागली. आबा मात्र सोप्यातच उभे राहिले. कोपऱ्यात चटई अंथरून एक पोक्त बाई बसली होती, मांडीवर पोर. बाई बसली होती तिथली जमीन बाकीच्या जमिनीपेक्षा नव्यानं सारवल्यासारखी दिसत होती. आमच्या घरात पेव होतं. ज्वारी भरून तोंडावर फरशी, त्यावर माती, त्यावर शेणाचं सारवण. दुष्काळात सरकारी माणूस, सावकार, कुणीही आलं तरी आबांची आई पेवावर पाट टाकून निवडत बसायची. शेतकऱ्याच्या पोराला दुसऱ्या शेतकऱ्याचं पेव ओळखायला शिकवावं लागत नाही.

आबांनी बोट दाखवलं.

खाली सातू निघाले. किती पोती, ते जिजीच्या सांगण्यात दरवेळी वाढायचे. धान्याचे पैसे दिले म्हणे. बाईनं पैशांकडं पाहिलंसुद्धा नाही. ती आबांकडं बघून काहीतरी बोलली. काय बोलली ते कळायला आबांना अरबी येत नव्हतं. “पर कळलं,” म्हणायचे.

झडत्यांत खरोखरच बरंच धान्य हाती लागलं, वेढा लांबला तो त्यामुळंच. पण सातू मिळून भागेना, दळायचं कशावर? तेव्हा विमानातून जात्याच्या तळ्या टाकल्या, असं आबा सांगायचे. चावडीवर ही गोष्ट निघाली की लोक मांड्या थोपटून हसायचे. “आबा, इमानातनं जातं? आन् मागनं ओव्या म्हणायला बाया बी टाकल्या आसतील!” आबांची ती ठरलेली थाप समजली जायची. ते वारल्यानंतर कितीतरी वर्षांनी पुण्याच्या एका ग्रंथालयात या मोहिमेची हकिगत वाचताना ती ओळ माझ्या समोर आली. विमानांनी खरंच कुटमध्ये जात्याचे दगड टाकले होते. पुढं एप्रिलात पिठाची पोतीही टाकली. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून रसद पोचवायचा जगातला हा जवळजवळ पहिलाच प्रयत्न. त्यातली काही पोती नदीत गेली, काही तुर्कांच्या अंगणात. थट्टा करणाऱ्यांतलं आता कुणी उरलं नाही, नाहीतर पुस्तक घेऊन चावडीवर गेलो असतो.

शेवटी शेवटी माणशी दिवसाला चार औंस पीठ मिळायचं. चार औंस म्हणजे एक भाकरी, तीही आपल्या जिजीच्या हातची नव्हे, सुगरणीनं पातळ थापलेली. हिरवं काही नाही म्हणून हिरड्या सुजायच्या, दात हलायचे. मग आपली माणसं खंदकाच्या कडेचा रानपाला खुडून शिजवायला लागली. आबांना तांदुळजा, घोळ, पाथरी ओळखता यायची, पण तिथला पाला वेगळा. खाऊन बघायचा, पोटात राहिला तर भाजी.

आणि घोडे होते. गोऱ्यांनी ते आधीच खायला घेतले. हिंदी शिपायांनी नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मपंडितांकडून आणि मौलवींकडून परवानगीच्या तारा मागवल्या, तरी बरेच जण बधेनात. एप्रिलच्या मध्याला उपासमार इतकी झाली की हजारोंनी खाल्लं. आबांनी खाल्लं का? आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा, आणि देवाचं वाहन घोडा. आबांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, ठणकावून सांगायची, “माझ्या भावानं तोंड लावलं न्हाई.” जिजी हा विषय निघाला की चुलीत फुंकर मारायला वाकायची. आबांना विचारायची आमची छाती नव्हती. एवढं खरं की चंपाषष्ठीला तळी भरून झाली की ते देवळातल्या पितळी घोड्यापुढं ओंजळभर भिजवलेले हरभरे ठेवायचे आणि तिथंच बराच वेळ बसायचे. गावात दुसरं कुणी असं करत नसे.

बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेचे तेवीस हजारांच्या आसपास लोक मेले-जखमी झाले, पण कुटपर्यंत कुणी पोचलं नाही. शेवटचा डाव म्हणून 270 टन शिधा भरून ‘जुलनार’ नावाची बोट रात्री वर सोडली. तुर्कांनी नदीत आडवी तार लावून बोट धरली. 29 एप्रिल 1916 ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यानंतर कुटमधल्या कित्येक गावकऱ्यांना इंग्रजांना मदत केल्याच्या संशयावरून तुर्कांनी फासावर चढवलं. यातली गंमत बघा. ज्यांच्या पेवातलं धान्य इंग्रजांनी उपसलं, तेच इंग्रजांचे मदतनीस ठरले.

टाउनशेंड साहेबांना तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. त्यांचा लाडका कुत्रा स्पॉट, त्याला तर सन्मानानं इंग्रजांच्या हद्दीत पोचवलं. तो विलायतेला सुखरूप गेला. आबांना कुत्र्याचं माहीत होतं. पलटणीत सगळ्यांनाच माहीत होतं. “साब सुखात, साबाचं कुत्रं सुखात,” इतकंच म्हणायचे. या सेनापतीची विद्वान मंडळी आजही बाजू मांडतात. मला ती पटत नाही. सोबत्यांची काय गत झाली याची विचारपूस सुद्धा ज्यानं धड केली नाही, त्याच्या डावपेचांचं कौतुक दुसऱ्यांनी करावं.

सोबत्यांची गत अशी की बगदादहून सामर्‍यापर्यंत आगगाडी, पुढं मोसूल, निसिबीन करत पायी. बूट पाण्यासाठी, भाकरीच्या तुकड्यासाठी विकलेले. गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून जास्त कैदेत मेले. हिंदी लोकांतले तेराशेच्या आसपास मेल्याची नोंद आहे, आणि सतराशेहून अधिकांचा पुढं पत्ताच लागला नाही. आबा रास अल ऐनला पोचले. तिथं बगदाद रेल्वेचं काम चाललं होतं. कैद्यांना माती ओढायला लावलं.

रास अल ऐन हे आर्मेनियन निर्वासितांच्या हालांचं मोठं ठाणं. तुर्की सरकारनं 1915 पासून आर्मेनियन लोकांना गावंच्या गावं उठवून सीरियाच्या वाळवंटाकडं हाकललं होतं. वाटेत पुरुष मारले, बायका-पोरी लुटल्या. उरलेले या गावाबाहेर येऊन पडायचे, आणि 1916च्या वसंतात तिथल्यांचीही कत्तल झाली. पश्चिमेकडं अमानूस डोंगरातल्या बोगद्यांवर आर्मेनियन मजूर राबत होते, त्यांनाही त्या जूनमध्ये काढून मरणाच्या वाटेला लावलं, आणि त्यांच्या जागी कुटचे कैदी आणले. एकाच्या हातातलं फावडं दुसऱ्याच्या हातात. शिशिर सर्वाधिकारी नावाचे एक बंगाली गृहस्थ अँब्युलन्स कोअरमधून कुटला सापडले आणि रास अल ऐनला राहिले. ‘अभि ले बगदाद’ या त्यांच्या पुस्तकात आर्मेनियनांचे हे हाल आहेत. आपल्या मराठी शिपायांपैकी कुणी असं पुस्तक लिहिलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. लिहायला येत कुणाला होतं?

आबा त्यांना ‘आरमनी’ म्हणायचे. तिथल्या एका विहिरीचं पाणी कुणी पीत नव्हतं, एवढं सांगायचे आणि का ते विचारलं की उठून गुरांना वैरण टाकायला जायचे. एका बाईची गोष्ट मात्र खुलून सांगायचे. आबांच्या टाचा फुटून भेगांत खडे शिरलेले. वाटेच्या कडेला बसलेल्या एका आरमनी बाईनं आपल्या डोईच्या फडक्याची एक पट्टी फाडली, आबांच्या पायाला गुंडाळली आणि गाठ मारली. तिच्याकडं दुसरं फडकं नव्हतं. तिच्याबरोबर पोरं होती का? जिजी म्हणायची दोन. आबा म्हणायचे, “एक. दुसरं आदल्या दिशी गेलं आसल.” या बाईचं पुढं काय झालं हे विचारण्यात अर्थ नव्हता. पण मी पोरकटपणानं विचारलं होतं, आणि आबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता.

निर्वासितांची दुसरी बाजू आम्हाला कळली ती धाकल्या आबांकडून. हे आबांचे चुलत भाऊ, स्वभावानं अगदी उलटे. बोलके, तपकीर ओढणारे, सोंगाड्यासारख्या नकला करणारे. ते मागाहून खच्चरपलटणीत भरती झाले आणि 1918 मध्ये बगदादच्या वर दियाला नदीकाठी बकुबाला होते. त्या उन्हाळ्यात इराणमधल्या उर्मिया भागातले असिरियन आणि आर्मेनियन ख्रिस्ती तुर्कांच्या भीतीनं गावं सोडून निघाले. बिजार, हमदान अशी शेकडो मैलांची वाट. गाढवं, बैल, गाड्या, पाळण्यातली पोरं. त्यांच्याबरोबर निघालेले शेड नावाचे अमेरिकन मिशनरी वाटेतच पटकीनं गेले, बायकोनं त्यांना रस्त्याकडेला पुरलं. हजारो असेच रस्त्यात राहिले. पोचले त्यांच्यासाठी इंग्रजांनी बकुबाला तंबूंची छावणी उभारली. चाळीस हजारांहून जास्त माणूस तिथं होतं. “आषाढीला पंढरीच्या वाळवंटात मावत न्हाई येवढं,” धाकले आबा म्हणायचे, “पर कुनाच्या तोंडात नाव न्हाई, कुनाच्या हातात टाळ न्हाई.”

पहिले काही महिने रोज माणसं मरत होती. टायफस, हगवण, देवी. पण बायांनी आल्या आल्या काय केलं असेल, तर जमिनीत भट्ट्या खणल्या. तंबू लागायच्या आधी भट्टी. सरकारी पीठ मिळालं की भिंतीला रोट्या थापून भाजायच्या. धाकले आबा नक्कल करून दाखवायचे, हाताला पाणी लावून वाकणं, फटकन चिकटवणं, पोळल्यावर हात तोंडात घालणं. त्या रोटीला आपल्या भाकरीची चव नाही, हा त्यांचा निकाल. तरी रोज कुणीतरी बाई खच्चरवाल्या हिंदी पोरांना एक द्यायची आणि ही पोरं गुळाचा खडा द्यायची. पुढं 1920 मध्ये छावणी मोडली. आर्मेनियन बसऱ्याजवळच्या नहर उमरला गेले. तिथली अनाथ पोरं 1922 मध्ये जेरुसलेमच्या आर्मेनियन मठात नेली. गुळाच्या खड्याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नसणार.

आता आमच्या घराकडं येतो. कुट पडल्यावर गावात आबा ‘बेपत्ता’ असल्याचा कागद आला. भावकीतल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं की सुनेनं कुंकू पुसावं. आबांची आई, तीच पेवावर पाट टाकून बसणारी, दारात आडवी झाली. “मेल्याचा कागद आना, मग बगू.” जिजीनं कुंकू पुसलं नाही. 1918ला पाऊस गेला, जोंधळा सोन्याच्या भावानं झाला आणि दसऱ्याच्या आसपास मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा, आली. मुंबईत बोटींतून उतरलेली ती साथ आमच्या माळरानात पोचायला वेळ लागला नाही. एका पंधरवड्यात आमच्या घरातली तीन माणसं गेली. त्यात आबांची थोरली मुलगी होती. आबा निघाले तेव्हा ती पोटात होती. त्यांनी तिला पाहिलंच नाही.

ते परत आले ते पुढल्या उन्हाळ्यात. जिजी सांगायची, वेशीतून माणूस आला आणि त्यानं पाणी मागितलं. तिनं दिलं आणि मग ओळखलं. आईनं त्यांना पोटाशी धरलं, मग मुलीचं सांगितलं. आबांनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, “ती बाई बोलली व्हती.” कोण बाई, हे जिजीला कळायला पुढं कित्येक वर्षं गेली.

शापबिप मी मानत नाही. मानमोडीनं हिंदुस्थानात कोट्यवधी माणसं नेली. त्या सगळ्यांचे बाप काही कुटमध्ये झडत्या घेत फिरत नव्हते. पण आबांचा हिशेब वेगळा होता आणि तो त्यांनी कुणाला तपासू दिला नाही. आल्यावर पहिल्या पावसाआधी त्यांनी सोप्यातलं पेव माती टाकून बुजवलं. तेव्हापासून आमच्याकडं धान्य कणगीत, सगळ्यांना दिसेल असं. भावकी हसली. शेजाऱ्यापाजाऱ्याला उसनं मागायला येणं सोपं झालं, हे मात्र खरं. आणि जिजीच्या मते घर कधी शिलकीत आलं नाही ते त्यामुळंच.

इराकमध्ये त्या लढाईत हरवलेल्यांचं एक स्मारक आहे. 1929 मध्ये बसऱ्याजवळ उभं केलं. 1997 मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं तिथून उचलून दूर नासिरियाच्या रस्त्यावर नेलं. त्यावर चाळीस हजारांहून जास्त माणसांची नोंद आहे. गोऱ्या शिपायाचं नाव आहे, हिंदी सुभेदार-जमादारांचं नाव आहे. साध्या हिंदी शिपायाचं नाव नाही. पलटणीखाली नुसता आकडा, ‘आणि इतर इतके’. कुटच्या रयतेचा, आर्मेनियनांचा तिथं उल्लेख असण्याचा प्रश्नच नाही.

सातारा, रत्नागिरी, कुलाबा, नगर या भागातल्या कितीतरी घरांतून असं कुणी गेलं होतं. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत डिस्चार्जचा कागद, बिल्ला, पेन्शनचं पुस्तक असलं तर वाळवीच्या आधी ते काढा आणि पलटणीचा नंबर एका वहीत उतरवून ठेवा. आणि घरात नव्वदीचं कुणी असेल तर लढाईचं विचारू नका, ते त्यांना सांगता येणार नाही. त्यांच्या बाप-आज्यानं तिकडं काय खाल्लं आणि कुणी दिलं, ते विचारा.